मदत हवी आहे: एन्झाइम घातलं की अल्जिनेटचे मणी मऊ का पडतात?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत एमएस्सीला आहे. काजूच्या बोंडांचा रस निवळण्यासाठी पेक्टिनेज (रस गढूळ करणारं पेक्टिन तोडणारं एन्झाइम) अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेल बनवणाऱ्या पदार्थाच्या, मण्यांत अडकवतेय. हंगामात बोंडांचे ढीग बागेतच कुजतात, ते बघवत नाही.

अडचण अशी: २ टक्के सोडियम अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले की रिकामे मणी गोल, टणक होतात. एन्झाइम मिसळलं की तेच मणी चपटे होतात, चिमटीत धरताच फुटतात, कापून पाहिलं तर मधला भाग पातळच. जेल उभं राहतं अल्जिनेटच्या साखळ्या बांधणाऱ्या कॅल्शियमच्या जोडण्यांवर. मग एन्झाइमचं प्रथिन त्या जोडण्यांच्या आड येतंय, की एन्झाइमच्या बफरमधला (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातला) फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतोय? मला दुसऱ्याचाच जास्त संशय आहे. पण पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूखाली (ज्या पीएचला त्याचा निव्वळ भार शून्य असतो, त्याखाली) असेल तर ते धनभारित होऊन ऋणभारित अल्जिनेटला चिकटणार, तेही सोडून चालणार नाही.

उकळून निष्क्रिय केलेलं एन्झाइम घालून तुलना केली तर पुरेल का? की उष्णतेने प्रथिनाच्या गुठळ्या होऊन रचना आणखीच बदलेल? शिवाय आतली रचना साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघायला मणी वाळवले की छिद्रं आक्रसतात. ओल्या जेलसाठी क्रायो-एसईएम (नमुना न वाळवता गोठवून बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) कोकणात किंवा मुंबईत विद्यार्थ्यांना कुठे वापरायला मिळेल? कुणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा, बोंडं मे अखेरपर्यंतच मिळतील.