कादंबऱ्यांची पानं सुटलीत, मालिकांच्या कॅसेट धूळ खातायत: आधी काय वाचवावं?

शेवटचंपान:
कपाटात दोन खजिने आहेत. एक, पारायणं करकरून खिळखिळ्या झालेल्या पेपरबॅक कादंबऱ्या. उघडल्या की मधली वीस-पंचवीस पानं हातात येतात, कागद तपकिरी पडलाय, दोन पुस्तकांत कसरही दिसली. दुसरा, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या मालिकांच्या चौदा व्हीएचएस कॅसेट, प्रत्येकी तीन तासांच्या. या मालिका पुन्हा कधी लागल्या नाहीत आणि ऑनलाइनही सापडत नाहीत. व्हीसीआर अजून चालतो. सुरुवात कशापासून करू? आणि पानांना चिकटपट्टी लावली तर चालेल का?

रीळमास्तर:
कॅसेट आधी, त्यात दुमत नको. पुस्तक आणखी दहा वर्षं कळ काढेल. नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलं, त्यामुळे तुमचा बिघडला तर सुटे भाग शोधत बसावं लागेल.

कॅसेट घातली की लगेच प्ले दाबू नका. आधी शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग पूर्ण रिवाइंड. वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेले वेढे त्याने मोकळे होतात. त्याआधी कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या पिवळ्या (चित्र) आणि लाल-पांढऱ्या (आवाज) वायरी यूएसबी कॅप्चर कार्डात (टेपच्या सिग्नलची संगणकासाठी फाइल बनवणारं छोटं यंत्र), कार्ड संगणकात. एस-व्हिडिओची खाच असेल तर पिवळीऐवजी ती वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. सेटिंग पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. इथे चुकून एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) राहिलं तर चित्र कृष्णधवल येतं किंवा वर-खाली पळतं, आणि लोक उगाच कॅसेटला दोष देतात.

मूळ प्रत हफयूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळणाऱ्या प्रकारात घ्या. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे चौदा कॅसेटना सव्वा टीबी. पाहण्यासाठी तिच्यावरून एच.२६४ प्रत काढा, ती तासाला दोन-अडीच जीबीत बसते. डीइंटरलेस (प्रत्येक फ्रेममध्ये गुंफलेली दोन अर्धी चित्रं सुटी करणं) फक्त या दुसऱ्या प्रतीत करा, तेही सेकंदाला ५० फ्रेमवर. २५ वर केलंत तर हालचाल अडखळते. आणि चित्र ४:३ च राहू द्या. १६:९ मध्ये ताणलं की सगळी पात्रं बसकी दिसतात, लाडकी नायिकासुद्धा.

सगळ्यांना छळणारी अडचण म्हणजे ओठ आणि आवाज यांची फारकत. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो, कार्ड मधल्या फ्रेम गाळतं आणि तिसऱ्या तासापर्यंत संवाद कुठल्या कुठे जातो. यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे थरथरता सिग्नल स्थिर करणारं उपकरण. तो नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी बराच स्थिरावतो. चित्राच्या तळाशी फडफडणारी पट्टी मात्र बिघाड नाही. ती व्हीएचएसमध्ये असतेच, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची इतकंच.

डोकंसाफ:
वरच्या प्रतिसादात एक पायरी सुटली. कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी खिडकीतून रिळाची कड पाहा. पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट अजिबात लावू नका, एकीची बुरशी व्हीसीआरच्या ड्रमवरून (ज्यावरून टेप सरकते तो फिरता दंडगोल) उरलेल्या तेरांना लागेल.

चित्रात मुंग्या आल्या तर आधी ट्रॅकिंग (टेपशी हेड जुळवायचं बटण) फिरवून पाहा. तरी जात नसतील तर हेड, म्हणजे ड्रमवरचे टेप वाचणारे बारीक भाग, साफ करा. व्हीसीआरचा प्लग काढा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ शॅमॉय चामड्याला लावा, ते ड्रमला हलकेच टेकवून एका जागी धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. चामडं वर-खाली घासायचं नाही. हेडची टोकं नखाच्या कडेपेक्षा बारीक असतात, उभ्या दिशेने घासलं की तुटतात आणि मग मशीन संपलं. कापसाची काडीही नको, तंतू अडकतात. नंतर पंधरा मिनिटं वाळू द्या.

खळवाला:
पुस्तकांचं सांगतो. चिकटपट्टी नको. काही वर्षांत तिचा गोंद कागदात उतरतो, पिवळा डाग कायमचा बसतो आणि वरचं प्लास्टिक सुटून पडतं. दोन्हीकडून नुकसान.

पेपरबॅकची पानं शिवलेली नसतात, पाठीला गरम गोंदाने चिकटवलेली असतात. तो गोंद म्हातारा होऊन तडकतो, म्हणून पानं सुटतात. एखाद-दुसरं पान असेल तर आतल्या कडेला पीव्हीए गोंदाची २-३ मिलिमीटरची रेघ ओढून बसवा. तुमच्यासारखा गठ्ठाच सुटला असेल तर कव्हर अलगद काढा, पाठीवरचा जुना गोंद खरवडा, पानं ठोकून सरळ करा आणि दोन फळ्यांत घट्ट धरा, पाठीकडची दोनेक सेंटिमीटर कड बाहेर ठेवून. ती कड पंख्यासारखी एका बाजूला वाकवून गोंद लावा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. प्रत्येक पानाच्या कडेला केसभर गोंद लागतो, पकड त्याचीच. वर पातळ सुती कापडाची पट्टी, मग कव्हर. मेणकागदात ठेवून वजनाखाली २४ तास. गोंद जास्त झाला तर पाठ लाकडासारखी होते आणि पुस्तक उघडतच नाही. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि खळ.

तपकिरी रंग घरी जात नाही, तो कागदातल्या लिग्निनचा आणि आम्लाचा परिणाम आहे. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. कसर लागलेली पुस्तकं पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव पानांवर धरतं. पण कपाट दमट राहिलं तर कसर परत येणारच.

शेवटचंपान:
ठीक, मग कॅसेट आधी. मधल्या जाहिराती आणि बातम्यांचे तुकडे कापू ना? मालिका सलग पाहता येईल.

रीळमास्तर:
पाहायच्या प्रतीत खुशाल कापा. मूळ प्रतीत एक सेकंदही नको. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसेल तर भाग कधीचा हे त्या बातम्यांवरूनच ठरतं. शीर्षकगीत आणि शेवटची श्रेयनामावलीही ठेवा, छोट्या भूमिका कुणी केल्या हे बऱ्याचदा तिथेच सापडतं. फाइलला नाव देताना आधी मालिका, मग कॅसेट क्रमांक, मग भाग. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. कॅसेट तोवर फेकू नका. उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.