तरुण संघात खेळ जमला, पण त्यानंतरचं बोलणं फसलं. काय करू?

पऱ्हाटी_ताई

जय ख्रिस्त सगळ्यांना.

केळापूर तालुक्यातलं गाव आहे आमचं. चर्चची मंडळी लहान, 22 घरं. रविवारी उपासना आटोपली की तरुण संघ मी घेते. मी काही शिकलेली सेविका नाही, पांढरकवड्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. आधी घेणारे भाऊ नागपूरला नोकरीला गेले आणि पाळकांनी (पाद्रीबाबांनी) रजिस्टर माझ्या हातात दिलं, एवढंच. पोरं-पोरी मिळून 13, वयं 13 ते 17. कापसाची वेचणी सुरू झाली की त्यातले निम्मे वावरात असतात.

पहिले सहा महिने मी एक अध्याय वाचायची आणि विचारायची, काय शिकलो? उत्तरं ठरलेली. प्रेम करावं, प्रार्थना करावी, शास्त्र वाचावं. नोहाच्या तारवावर विचारा, प्रेम करावं. योनाच्या माशावर विचारा, प्रार्थना करावी. मग मी एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून कानगोष्टी खेळायला लावलं. सगळे गोलात. पहिल्याच्या कानात सांगितलं, "मंगळवारी मोठ्या मामीकडे प्रार्थना, येताना चटई आणा." तेराव्याकडून निघालं, "मंगळवारी मोठी मामी परतणार, येताना चटणी आणा." आता तेरावा होता मोठ्या मामीचाच पोरगा. तो घाबरून म्हणे, "आई कुठं चालली पण?" पोट्टे हसून हसून लोळले.

हसू ओसरलं तशी एक पोरगी हळूच बोलली, "माझ्याबद्दलबी असंच झालं होतं. बस स्टँडवर." एकदम शांतता. गावात त्या गोष्टीचं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. ती उभी होती चुलतभावाशी बोलत, घरी पोचेपर्यंत त्याचं भलतंच झालं.

मी गडबडले. पटकन याकोबाचं पत्र काढलं, तिसरा अध्याय, जीभ लहानशी पण केवढं रान पेटवते ते. पंधरा मिनिटं बोलले. ती ओढणीचं टोक दातात धरून खाली बघत होती. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

खेळ चुकला की मी चुकले? आणि असे आणखी कोणते खेळ घेता येतील? प्रोजेक्टर नाही, पैसे नाहीत, टिनाखाली दोन चटया आहेत. एकीवर मुलं, एकीवर मुली.

धारणीकडचा

ताई, पाठीला पाठ लावून चित्र काढायचा खेळ घ्या. एकाच्या हातात बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चित्र द्यायचं, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन. चित्रवाल्याने वस्तूचं नाव घ्यायचं नाही, फक्त रेषा सांगायच्या. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने काहीच विचारायचं नाही. दुसऱ्या फेरीत हवं तेवढं विचारायचं. आमच्याकडे पहिल्या फेरीत "दोन गोल काढ, मध्ये आडवी दांडी" सांगितलं तर चष्मा निघाला. दुसऱ्या फेरीत बैलही जुंपले गेले.

दुसरं म्हणजे, आमची पोरं घरी कोरकू बोलतात. चर्चमधलं मराठी त्यांना शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं, म्हणून उत्तरंही पुस्तकातली येतात. एकदा मी म्हटलं, हरवलेल्या मेंढराची गोष्ट आपल्या आजीला सांगता तशी सांगा. जी पोरगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती दहा मिनिटं थांबली नाही. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण सगळी पोरं पुढे सरकून ऐकत होती.

वणीचे_एक_वडील

माझं स्पष्ट मत, राग मानू नये. खेळायला शाळा आहे, मैदान आहे. आठवड्यातून एक तास मंडळीला मिळतो. आमच्या वेळी नाताळाच्या आत स्तोत्र 23, स्तोत्र 121 आणि मत्तयातले धन्योद्गार (येशूचे "धन्य ते" हे बोल) तोंडपाठ लागायचे. आजच्या पोरांना पवित्र शास्त्रात याकोब जुन्या करारात शोधावा की नव्या, हेही ठाऊक नसतं. खेळाने पोरं येतील, टिकतील कशाने?

दारव्ह्याचा_मास्तर

वडील, तुमचा शेवटचा प्रश्न मलाही खातो, त्याकडे येतो. आधी ताईंचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि रविवारची शाळाही बरीच वर्षं घेतली. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, 1983 मध्ये पुण्याला गेली. तोवर तिथले विद्यार्थी सायकली हाणत आमच्या खेड्यात यायचे. त्यांच्यापैकी एकाकडून मी खेळ शिकलो, पण खेळानंतर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. ते चुका करत शिकलो, तुमच्यासारखंच.

ताई, खेळ चुकला नाही. उलट फार बरोबर लागला. तेरा जणांत एकीच्या तोंडून खरं निघालं. तुम्ही शास्त्र उघडलं हेही चूक नव्हतं, उघडायची घाई झाली. लूकाचा 24वा अध्याय काढा. येशूला क्रुसावर मारून तीन दिवस झालेत, त्याचे दोघे शिष्य यरुशलेमहून इम्माऊसला चाललेत, अकरा-बारा किलोमीटरची वाट. जिवंत झालेला येशू मध्येच सोबत चालू लागतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो विचारतो, तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलत आहात? ते म्हणतात, यरुशलेमात झालं ते तुला एकट्यालाच कसं ठाऊक नाही? तो परत विचारतो, काय झालं? आता बघा, जे झालं ते त्याच्याच अंगावर झालं होतं. त्याला नाही तर कोणाला ठाऊक असणार! तरी त्यांना पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगू दिलं. कबर, बाया, सगळं. शास्त्र उलगडलं ते त्यानंतर.

मी खेळानंतर आधी एवढंच विचारतो, काय झालं? म्हणजे कोणाजवळ शब्द बदलला ते नव्हे, तो चोर पकडायचा धंदा होतो. तुझ्या कानात अर्धवट आलं तेव्हा तू काय केलं, हे विचारायचं. इथे गंमत आहे. पोरं सांगतात, "गुरुजी, 'परत' एवढंच ऐकू आलं, बाकी मी मनानं जोडलं." कानगोष्टीत परत विचारायला मनाई असते म्हणून जोडलं, ठीक. पण गावात कोणी मनाई केली आहे? बस स्टँडवरची गोष्ट कानावर आली तेव्हा त्या पोरीला जाऊन कोणी विचारलं का? हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, थांबतो. पोरं तिथवर आपसूक येतात.

थांबायचं म्हणजे किती? मी मनातल्या मनात स्तोत्र 23 म्हणतो. वडील, तुमचं पाठांतर इथे कामी येतं बघा. मृत्युच्छायेच्या दरीपर्यंत पोचतो न पोचतो तोच कोणीतरी बोलतं. नाहीच बोललं तर शेवटपर्यंत म्हणतो आणि प्रार्थना करून घरी पाठवतो. सगळ्या रविवारी काही निघालंच पाहिजे असं नाही.

आवाज ओळखायचा खेळही घ्या. एकाच्या डोळ्यांना दुपट्टा बांधा, एक जण त्याला नावाने बोलावेल, बाकीचे गोंधळ घालतील. पहिल्यांदा बोलावणारा जीव तोडून ओरडतो, आणि नेमका त्याचाच आवाज गर्दीत हरवतो. आमच्याकडे एका पोराने वेगळं केलं. त्याचे आजोबा गुराखी. सकाळी आखरावर ढोरं जमवताना आजोबा जसं लांबवून, एकाच सुरात बोलावतात, तसं त्याने बोलावलं. दुपट्टावाला सरळ त्याच्याकडे चालत आला. योहानाचा 10वा अध्याय, मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात तो, मी त्या दिवशी वाचला, पण समजावला नाही. गरजच उरली नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. एकदा डोळे बांधून हात धरून चालवायचा खेळ घेतला आणि शेवटी भारावून म्हटलं, आता येशूवर असाच भरवसा टाकणाऱ्यांनी हात वर करा. सगळे हात वर. मी खूश. चार दिवसांनी एक पोरगा पाणंदीत भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, हात वर नसता केला तर नाताळच्या नाटकात घेतलं असतं का मले?" त्याला मेंढपाळाचं काम हवं होतं हो. त्या दिवसापासून खेळातून विश्वासाचं माप काढणं सोडलं. विश्वासाबद्दल बोलायला तोंड उघडलं तरी पुष्कळ.

वडील, टिकतील कशाने, तर मला वाटतं आपल्या तोंडाने विचारलेल्या प्रश्नाने. पाठांतर हवंच. पण ज्याला कधी विचारू दिलं नाही त्याचं पाठांतर दहावीनंतर गावातच राहतं आणि पोरगा पुण्याला जातो.

नर्सबाई

मास्तरांशी सहमत. दोन गोष्टी मात्र कडक सांगते, कारण मी दवाखान्यात बसते आणि काय काय कानावर येतं ते मला माहीत आहे.

डोळे बांधायचे, हात धरायचे खेळ मुलामुलींचे वेगळे घ्या. लाजायचा प्रश्न नाही, उद्या गावात कानगोष्टी होतील आणि भोगतील मुली. आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका की ज्याला बोलायचं नाही त्याने "पास" म्हणायचं, कारण द्यायचं नाही.

खेळ मोकळा झाला की कधी कधी फार जड काहीतरी बाहेर येतं. "ताई, कोणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं तर हो म्हणू नका. अठराच्या आतल्या मुलाला कोणी त्रास देत असेल, हात लावत असेल, तर पॉक्सो कायद्यात (2012) आपल्याला ते कळवावंच लागतं, मंडळीत मिटवता येत नाही. मी म्हणते, "तुझ्या भल्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन, आणि सांगण्याआधी तुला सांगीन." चाइल्डलाइनचा नंबर 1098, फुकट लागतो. आमच्या चर्चच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला आहे.

आणि त्या मुलीकडे जा. खेळाचं नाव काढू नका.

पऱ्हाटी_ताई

तीन आठवड्यांनी लिहून राहिली, माफ करा. वेचणीने जीव घेतला.

नर्सबाई, गेले मी तिच्याकडे. रविवारी नाही, मधल्या वारी, दुकानातून सुट्टी काढून. ती वावरात होती. मीपण पदराची ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या तासाला (ओळीला) लागले. तिचे हात दोन्हीकडे चालतात, माझी बोटं बोंडाच्या टोकाने सोलली. दुपारपर्यंत आम्ही कापसाशिवाय कशावरच बोललो नाही. भाकर खाताना तीच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही ते मलेच वाचून दाखवून राहिल्या असं वाटलं." मी म्हणाले, मला कळलं ते, माझी चूक झाली. ती म्हणाली, "हाव." आणि लोणचं पुढे केलं.

रविवारी आली. बंडीचं चित्र घेतलं. पहिल्या फेरीत आमचाही चष्माच झाला (भाऊ, तुमच्याकडचा चष्मा आमच्याकडेही आला!). दुसऱ्या फेरीत विचारायची मुभा दिली, तर एकाने एवढे प्रश्न विचारले की सांगणारा वैतागून म्हणे, "तूच सांग मग!" त्यावरून एक जण म्हणाला, प्रार्थना आपण पहिल्या फेरीसारखी करतो, नुसतं सांगत सुटतो. मी काही बोलले नाही. स्तोत्र 23 चालू होतं मनात. मास्तर, मला ते पुरलं नाही, दोनदा म्हणावं लागलं.

मग हरवलेलं मेंढरू घरच्या बोलीत सांगायला लावलं. मेंढराची बकरी झाली, ते ठीकच. बकऱ्या चारणारा पोरगा ताडकन उठला. म्हणे, "नव्याण्णव बकऱ्या सोडून मी नसतो गेलो बापा. तुरीत घुसल्या असत्या, तुरीवाल्यानं माया बापाचं डोकं फोडलं असतं. हा माणूस येडा होता काय?" दुसरा म्हणे, भाऊ असेल ना पाहायला. तिसरा म्हणे, लिहिलंय का तसं? मग सगळे लूकाचा 15वा अध्याय उघडून बसले, भाऊ सापडतो का बघायला. मी उघडा म्हटलं नव्हतं. "प्रेम करावं" कोणीच म्हणालं नाही.

ती मुलगी शेवटी म्हणाली, "पण बकरीले मालूम होतं का, कोणी शोधून राहिलं म्हणून?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पास म्हटलं.

परवा मंगळवारी मोठ्या मामीकडे प्रार्थना होती. पोट्टे चटया घेऊन आले आणि त्यांच्यामागून ती, हातात जवसाच्या चटणीचा डबा. मामी म्हणे, चटणी कायले आणली वं? तर सगळे हसायलाच लागले, आणि मामीचा पोरगा दारातच बसला पोट धरून.