मदत हवी आहे: 'जेमिनी मॅन' घरी ६० फ्रेम्सला बघायचाय

विल स्मिथचा 'जेमिनी मॅन' (२०१९) अँग लीने सेकंदाला १२० फ्रेम्सवर शूट केलाय, थिएटरात माझा हुकला. ओटीटीवर बघितला तर कार्टाहेनातला बाईकचा पाठलाग, मुरलेला मारेकरी पुढे आणि त्याचाच तरुण क्लोन मागे, अगदी नेहमीसारखाच वाटला. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम्स टीव्ही स्वतःच बनवतो ती सेटिंग) लावलं पण चेहऱ्याच्या कडा फाटतात, आणि तो तरुण चेहरा अख्खा कॉम्प्युटरवर बनवलेला, मला तोच तर नीट बघायचाय! फोरके ब्ल्यू-रे ६० फ्रेम्सची आहे, डिस्क मिळतेय. टीव्ही फोरके, एचडीएमआय २.०, थ्रीडी नाही, पायरेटेड लिंक नको. प्लेअर नाहीये म्हणून सेकंडहँड एक्सबॉक्स वन एस (फोरके डिस्क चालवणारा गेम कन्सोल) घेईन म्हणतोय, त्यावर ही डिस्क खरंच ६० लाच चालते का, कोणी स्वतः लावून बघितलीय?