नॉनप्लस्ड: गोंधळलेला की निवांत?

देवगडकर: हापूसचा दर ऐकून 'नॉनप्लस्ड' झालो, असं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने मेलमध्ये लिहिलंय. काय समजायचं?

रत्नागिरीकर: मूळ अर्थ, इतका बुचकळ्यात पडलेला की पुढे काय बोलावं ते सुचेना. लॅटिन 'नॉन प्लस', म्हणजे 'याहून अधिक नाही', यावरून आलाय. पण सुरुवातीचा 'नॉन' नकारासारखा वाटतो, म्हणून अमेरिकेत 'जराही विचलित न झालेला' हा उलटा अर्थही रुळलाय. मेलचा पुढचा भाग वाचा. दराचा हिशोब मागितला असेल तर तो चक्रावलाय. थेट पेट्या सांगितल्या असतील तर दर त्याला पटलाय.

मालवणी: तरी एकदा विचारून घ्याच, सौद्याचा मामला आहे. स्वतः लिहिताना 'पझल्ड' वापरा, त्याला दुसरा अर्थ नाही.