चक्रीवादळापूर्वीची घरातील तयारी : प्रत्यक्षात काय कामी आले?

अटलांटिकमधील वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो आणि टेक्सस व फ्लोरिडामध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबे दर वर्षी तेच प्रश्न विचारतात. माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे साधारण पावणेचार लिटर पाणी, किमान तीन दिवसांचे टिकाऊ अन्न, विजेरी आणि प्रथमोपचार पेटी ही सरकारी यादी सर्वांना ठाऊक आहे. त्या यादीत आपले स्वयंपाकघर नसते आणि भारतातून मुक्कामाला आलेले आईवडीलही नसतात. म्हणून आपापल्या घरी काय उपयोगी पडले आणि काय तसेच पडून राहिले, ते येथे लिहावे.

ह्यूस्टन, बेरिल (२०२४)

८ जुलैला किनाऱ्यावर आलेले बेरिल पहिल्याच, म्हणजे सर्वांत कमी तीव्रतेच्या, श्रेणीचे असल्याने आमच्या गल्लीत फारसे कोणी ते मनावर घेतले नव्हते. तरीही वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काही भागांत ती परत यायला आठवड्याहून अधिक काळ लागला. वादळ काही तासांत निघून जाते. सामान भरायचे असते ते त्यानंतरच्या उकाड्यासाठी आणि बंद पडलेल्या विजेच्या शेगडीसाठी, असे माझे ठाम मत आहे. डबाबंद सूपला आमच्याकडे कोणी हात लावला नाही. पोटाला आधार झाला तो पोह्यांचा, कारण ते नुसते भिजवून, कांदा, लिंबू आणि दाण्याचे कूट घालूनही खाता येतात. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवून मुलांनीही खाल्ले, आणि आदल्या दिवशी करून ठेवलेल्या दशम्या व तिखटमिठाच्या पुऱ्या लोणच्याबरोबर पुरवून पुरवून खाल्ल्या. फ्रीझरमधील रिकाम्या जागेत पाण्याचे डबे गोठवून ठेवावेत. पूर्ण भरलेला फ्रीझर उघडला नाही तर साधारण ४८ तास थंड राहतो, खालचा फ्रिज मात्र चारच तास, आणि बर्फ वितळला की तेच पाणी पिता येते.

ह्यूस्टन, सासूबाईंची औषधे

वरील अनुभवाला एक पुरवणी जोडते. भारतातून आणलेल्या गोळ्यांची व्यापारी नावे इथल्या औषध दुकानदाराला कळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव आणि मात्रा कागदावर लिहून ठेवावी. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंश सेल्सियसखाली सुमारे २८ दिवस टिकते, परंतु जुलैत वातानुकूलन बंद पडलेल्या घराचे तापमान सहज त्यावर जाते. पाण्यात भिजवून वापरायची गारव्याची पिशवी आम्हाला फार उपयोगी पडली.

टँपा, मिल्टन (२०२४)

२६ सप्टेंबरच्या हेलेनचा कचरा रस्त्यांच्या कडेला तसाच असताना ९ ऑक्टोबरला मिल्टन आले. त्याआधी कित्येक पंपांवर पेट्रोल संपले होते, म्हणून हंगामभर गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ न देण्याचा आमच्या घरचा नियम आहे. स्थलांतराच्या क्षेत्रांना इथे सर्वाधिक धोक्याच्या ‘ए’पासून अक्षरे दिलेली असतात, आपले अक्षर आधीच पाहून ठेवावे. पाण्यापासून पळावे आणि वाऱ्यापासून लपावे, असे इथे सांगतात. ‘ए’ क्षेत्रात राहणाऱ्याने कितीही शिधा भरला तरी आदेश निघाल्यावर त्याला घर सोडावेच लागते, तेव्हा त्याने तयारी पिशवीत करावी, कपाटात नव्हे.

ह्यूस्टन, हार्वी (२०१७)

हार्वीच्या वेळी काही ठिकाणी चाळीस इंचांहून अधिक पाऊस झाला आणि पूरक्षेत्राबाहेरची असंख्य घरेही पाण्याखाली गेली. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत. केंद्र सरकारच्या योजनेतील पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून त्यासाठी धावपळ करणे व्यर्थ आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रे जलरोधक पिशवीत घालावीत आणि प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करून ठेवावे.

श्रीवर्धन, निसर्ग (२०२०)

अनुभव अमेरिकेचा नाही, तरी लिहितो. ३ जूनच्या वादळानंतर आमच्या विहिरीला पाणी होते, परंतु विजेअभावी पंप चालत नव्हता. ज्यांनी रहाट मोडीत काढला नव्हता, त्यांच्याकडे अख्खी आळी पाण्याला जात होती. मोबाइलही बंद असल्याने रोख पैशांवाचून काही मिळत नव्हते.

केटी (ह्यूस्टनजवळ), जनरेटरविषयी

जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब ठेवावा आणि गॅरेजचे दार सताड उघडे असले तरी आत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा गजर घरात असावा. छोट्या गॅसच्या शेगडीलाही हेच लागू आहे, तेव्हा चहावाचून ज्यांचे चालत नाही त्यांनी तो वारा थांबल्यावर अंगणातच करावा.