मदत हवी आहे: मिस्टरांना आर्मीतून मेडिकल बोर्डावर घरी पाठवतील असं दिसतंय

नमस्कार. एरवी इथे नुसती वाचते. आज लिहितेय कारण घरात कुणालाच यातलं कळत नाही, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

माझे मिस्टर इन्फंट्रीत नाईक आहेत, सर्व्हिस 11 वर्षं. मी मुलाला घेऊन सातारा जिल्ह्यात सासरी असते. ह्यांची कंबर बरीच वर्षं दुखायची. पिठ्ठू वाहणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच, असं सगळे म्हणायचे, हे स्वतःसुद्धा. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जायचे, गोळ्या मिळायच्या, पुन्हा ड्युटी. विचित्र एवढंच होतं की आराम केला की दुखणं वाढायचं. पहाटे अर्धा-पाऊण तास वाकता यायचं नाही आणि पीटीला धावून आले की अंग मोकळं व्हायचं. धावता येतंय म्हणजे आजार कसला, असंच वाटणार ना? लडाखच्या पोस्टिंगमध्ये मात्र मध्यरात्री दुखण्याने जाग यायला लागली. खाली आल्यावर एमआरआय झाला, रक्तात एचएलए-बी27 (या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह निघालं आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, हे नाव कळलं. आयुष्यभराचं दुखणं आहे, औषधांनी ताब्यात राहतं, असं डॉक्टर म्हणाले.

सध्या टेम्पररी लो मेडिकल कॅटेगरी आहे, म्हणजे आजारामुळे फिटनेसचा दर्जा तात्पुरता खाली आणलाय. पुढच्या बोर्डात, म्हणजे आर्मीच्या डॉक्टरांच्या तपासणीत, ती परमनंट होईल असा रंग आहे. युनिटमध्ये बसून करायचं काम, म्हणजे शेल्टर्ड अपॉइंटमेंट, मिळणार नाही असं तोंडी सांगितलंय. त्यात ओळखीच्या एकाने ह्यांच्या डोक्यात भरवलंय, "पुढे नोकरी करायची इच्छा नाही असं लिहून दे, लवकर सुटशील." हे जवळजवळ तयार आहेत. मला धडधडतंय.

असं लिहून दिलं तर पेन्शनचं काय होतं? आजार नोकरीमुळे नाही असं बोर्डाने लिहिलं तर काहीच मिळत नाही का? आणि फॉर्ममध्ये घरातल्या आजारांबद्दल विचारतात म्हणे. ह्यांचे एक चुलते कमरेत पार वाकलेले होते. कुणी कधी तपासलं नाही, गावात म्हणायचे ओझी वाहून वाकला. हे सांगायचं की नाही?

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय सुट्टी वाढवून मिळालीये.

प्रतिसाद : जुना_बाबू

ताई, सगळ्यात आधी त्यांना फोन करा आणि सांगा, कशावरही सही करू नका. मी रेकॉर्ड ऑफिसात आयुष्य घालवलंय, इच्छा नसल्याच्या त्या एका कागदाने घरं बसलेली पाहिली आहेत.

जवानाला साधी सर्व्हिस पेन्शन 15 वर्षांनी लागते. 11 वर्षांवर स्वतःच्या विनंतीने बाहेर पडला तर ग्रॅच्युइटी घेऊन घरी, महिन्याचं पेन्शन नाही. तोच माणूस इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाने, म्हणजे आजारामुळे सेवेला अपात्र ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने, बाहेर काढला तर गोष्ट वेगळी. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत वाढला असं मान्य झालं आणि अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त धरलं, तर डिसॅबिलिटी पेन्शन. मान्य झालं नाही तरी 10 वर्षांच्या वर सर्व्हिस असल्याने इनव्हॅलिड पेन्शन लागू होतं. म्हणजे "काहीच मिळत नाही" हे खोटं आहे, पण बाहेर कुठल्या दाराने पडलात त्यावर सगळं आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्डही पेन्शनवरच अवलंबून.

तोंडी सांगितलेल्याला फौजेत किंमत नाही. शेल्टर्ड अपॉइंटमेंट मागणारा अर्ज लेखी द्या, नकारही लेखी येऊ द्या. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने नायब सुभेदार राजपाल सिंग यांच्या प्रकरणात सांगितलंय की आजाराच्या कारणावरून काढायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड झालाच पाहिजे. त्यांना हृदयविकार होता, कॅटेगरी लो परमनंट होती, आणि तो बोर्ड न करता डिस्चार्ज दिला होता.

प्रतिसाद : ताठ_कणा

मला हाच आजार आहे, मी सिव्हिलमधला. फौजेचं मला काही कळत नाही, आजाराचं सांगतो. मिस्टरांना म्हणावं कॅटेगरी लागली म्हणून व्यायाम सोडू नका. ह्या आजारात पडून राहणं म्हणजे मणका आखडू देणं. सिगारेट असेल तर बंद. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, हे याच आजारातून येऊ शकतं. साध्या गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं देतात, ती महाग असतात. म्हणून वर ईसीएचएसचं जे म्हटलंय ते हलक्यात घेऊ नका.

माझी नोकरी चालू आहे, दोन मुलं आहेत, गणपतीत ढोल वाजवतो. सासूबाईंना सांगाल तेव्हा हे पण सांगा.

प्रतिसाद : वकिलीण_बाई

चुलत्यांबद्दल : खरं तेच सांगा, पण निदान स्वतः करू नका. ज्याची तपासणीच झाली नाही त्याला आजार म्हणून नोंदवायचं कारण नाही. विचारलं तर "वाकलेले होते, तपासणी झाली नव्हती" एवढंच. लपवाछपवी नको.

हा आजार शरीराच्या घडणीतलाच आहे, सेवेशी संबंध नाही, असं बोर्ड लिहू शकतं. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात कोर्टाने म्हटलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर फायदा सैनिकाला, आणि उलट मत द्यायचं तर बोर्डाने कारणं लिहायला हवीत. मात्र 2023 पासून नवी नियमावली आलीये, त्यामुळे जुना निकाल जसाच्या तसा लागेल असं धरू नका. तुमचा जोर "सेवेत वाढला" यावर हवा. लडाखची पोस्टिंग, त्या काळात वाढलेला त्रास आणि एमआय रूमच्या जुन्या नोंदी, या तिन्हींच्या तारखा जुळवून एक कागद तयार करा. बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाचं स्वतःचं निवेदन असतं, त्यात पोस्टिंगची ठिकाणं लिहायची असतात. तिथे घाईत "जम्मू-काश्मीर वगैरे" असं लिहून मोकळे होतात लोक. होऊ नका.

बोर्डाच्या कागदांची प्रत मागून घ्या. पेन्शन नाकारलं तर आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. अपिलाची मुदत मोजकी असते, पत्र आलं की कपाटात ठेवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. काल रात्री फोनवर बोलले. सही केलेली नाही, देवाची कृपा. आधी चिडले, "तुला कोण सांगतं हे" म्हणून. 10 आणि 15 वर्षांचा हिशोब वाचून दाखवला तेव्हा गप्प झाले आणि म्हणाले, तो मेसेज मला पाठव. अर्ज ह्या आठवड्यात देणार आहेत. मी उद्या साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातेय, तिथे कुणी अर्जाचा मसुदा बघून देईल का ते विचारते.

बाबू काका, एक राहिलं. कंबरदुखीच्या पहिल्या नोंदी आधीच्या ठिकाणच्या एमआय रूममधल्या आहेत आणि ह्यांच्याकडे फक्त दोन चिठ्ठ्या उरल्यात, त्याही पावसात भिजलेल्या. त्या नोंदी आता कुणाकडे मागायच्या, युनिटमार्फत की थेट?