चाळिशी लागली! तुमच्याकडं काय चाललंय?

हळकुंड:
काल औषधाच्या दुकानात आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचत होतो. पाकीट लांब धरलं, आणखी लांब धरलं. शेवटी काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "काका, द्या इकडं. हात संपला तुमचा." मागची दोघं हसली, मीही हसलो. वय ४६.

येताना घाटावरून आलो आणि बाबा आठवले. मी आठवीत असेन, ते ४५ चे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्या वर्षी एकदम गप्प झाले. संध्याकाळी घरी न येता कृष्णेच्या घाटावर बसायचे, आयर्विन पुलाकडं तोंड करून. आई मला बोलवायला पाठवायची. "बाबा, काय करताय?" "काही नाही रे, पाणी बघतोय." खिशात नवाकोरा चष्मा, पण लावायचे नाहीत. पेपर हातभर लांब धरायचे आणि आम्ही भावंडं मागं उभं राहून नक्कल करायचो.

आता मीच ऑफिस सुटलं की गाडी सरळ घरी आणत नाही. विश्रामबागेतून उगाच एक फेरी मारतो. पगार आहे, पोरं बरी आहेत, तरीपण.

तुमच्या आई-वडिलांचं हे वय कसं गेलं, तुमचं कसं चाललंय, लिहा. सल्ले नकोत.

भडंग:
नंबर किती आला? माझा दीड. प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) घेतलात तर पहिले आठ दिवस जिना उतरताना कठडा धरा. मी गणपती मंदिराच्या पायरीवर न ठरवता दंडवत घातलाय.

(हा सल्ला झाला, सॉरी.)

शाहूपुरीची:
सातारा, ४८. डिसेंबरात आमच्याकडं माणसं दोन गोधड्या घेतात आणि मी रात्री दोनला पंखा लावते. नवरा बिचारा कानटोपी घालून झोपतो. घाम, धडधड, मधेच रडू. मला वाटलं हार्टचं काहीतरी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पाळी थांबून सलग बारा महिने गेले की मगच ती 'गेली' म्हणायचं, पण त्याच्या आधी काही वर्षं हा गोंधळ चालू शकतो. आपल्याकडं साधारण ४६-४७ ला जाते म्हणे.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू का? सासूबाई या वयात भांडी आपटायच्या. मी नवी नवरी, माहेरी जाऊन सांगायचे, फार त्रासिक बाई आहे. त्यांना कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. पंखासुद्धा एकच होता घरात, तो सासऱ्यांच्या खोलीत.

कुकर झालाय, नंतर लिहिते.

खणभाग:
घाटावर बसून पूल बघण्यात बाबांची चूक काय? १९२९ चा पूल आहे. आम्ही अजून बघतो.

मिरजमळा:
@खणभाग २०१९ ला पण बघत होतात काय 😀 ५७ फुटांवर गेलं होतं पाणी.

खणभाग:
तेव्हा माळ्यावरून बघितला. आमच्याकडं गळ्याएवढं पाणी. लग्नाचा अल्बम गेला. बायको म्हणते बरं झालं, तुमचे केस दिसायचे त्यात.

रिटायर_हवालदार:
जय हिंद. २४ वर्षं नोकरी करून ४३ व्या वर्षी पेन्शन आलो. आमच्या भागात नवीन नाही, घरटी एक फौजी. पण हे कुणी सांगत नाही की बाकीच्यांची चाळिशी म्हणजे प्रमोशन आणि आपली म्हणजे पुन्हा बायोडाटा. बँकेच्या दारात बसायचं काम मिळालं. परवा एक पोरगं "ओ वॉचमन" म्हणालं. बोललो नाही.

घरी त्याहून अवघड. पहाटे साडेचारला उठून मी सगळ्यांना उठवायचो. महिन्याभरानं मिसेस म्हणाली, "अहो, तुम्ही नव्हता तेव्हा आमचं नीट चाललं होतं." खरं होतं ते. तिनं एकटीनं दोन पोरं, म्हस, शेत, सगळं काढलेलं. मीच पाहुणा.

आता पहाटे माळावर भरतीची पोरं पळवतो. १६०० मीटर, पुलअप्स. पैसे घेत नाही. मागच्या खेपेला दोघं लागले. एकाची आई पेढे घेऊन आली आणि मला तोंड लपवून आत जावं लागलं.

मास्तर:
फौजी साहेब, तुम्ही जे माळावर करताय त्याला मानसशास्त्रात नाव आहे. एरिक एरिक्सननं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यातला सातवा आपला, साधारण ४० ते ६५. पुढच्या पिढीसाठी काही लावायचं, वाढवायचं, नाहीतर साचून राहायचं, अशी त्यात ओढाताण असते. 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकानं १९६५ च्या लेखात आणला, तेव्हा तो स्वतः ४८ चा होता. पण सगळ्यांनाच असा झटका येतो असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही. मला स्वतःला बर्निस न्यूगार्टन या बाईंचं जास्त पटतं. या वयात माणूस जन्मापासूनची वर्षं मोजायचं सोडून उरलेली मोजायला लागतो. हळकुंड, तुमचे बाबा पाणी बघत हेच मोजत असतील.

भडंग:
मास्तर, परीक्षेला येणार काय हे?

मास्तर:
येणार. दहा मार्काला. आणि शब्द आठवायला आता वेळ लागतो, पण शब्दसाठा साठीपर्यंत वाढू शकतो, तेव्हा घाबरू नका.

भडंग:
मला बायकोनं आणायला सांगितलेली भाजीच आठवत नाही. साठा कुठं ठेवू.

गोडोलीकर:
लेक जूनमध्ये पुण्याला गेली इंजिनीअरिंगला. अजून कणीक तिघांची भिजवते. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून आम्ही दोघं रोज सकाळी खातो, बोलत नाही. शनिवारी ती स्वारगेटवरून विनाथांबा पकडते तेव्हा "कुठवर आलीस" असे चार फोन होतात. खंबाटकीचा घाट आला म्हणाली की मी तेल तापवायला ठेवते. सातारा अजून तासभर लांब असतं! गॅस बंद करते, परत लावते.

आमच्या आईला हे झालं नसेल. पाच पोरं, एक गेलं तरी चार होती.

यवतेश्वर:
वय ५१. डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरला आहे, म्हणून चालायला लागलो आणि आता हिल मॅरेथॉनचं नाव घातलंय. २१ किलोमीटर. घरचे म्हणतात म्हातारचळ. गुडघा म्हणतो घरचे बरोबर आहेत.

मिरजमळा:
सांगलीत डोळ्यांचे चांगले डॉक्टर कोण? मेसेज करा.

शाहूपुरीची:
आले. @गोडोलीकर ताई, रडवलंत. रविवारी या आमच्याकडं, पोळ्या घेऊनच या 😄

हळकुंड:
सगळं वाचून दाखवलं आईला. ८० ची आहे, ऐकू कमी येतं, ओरडून वाचलं. मास्तरांचं उरलेली वर्षं मोजायचं आलं तशी म्हणाली, "मोजत काय होते? पेढी बंद झाली होती. मालकाच्या पोरांनी वाटणी केली. दोन महिने ते डबा घेऊन घाटावरच जायचे, तुम्हा पोरांना कळू नये म्हणून. चष्मा उधारीवर केलेला. पैसे फिटल्याशिवाय लावणार नाही म्हणायचे."

३२ वर्षांनी कळलं मला हे.

रिटायर_हवालदार:
🙏

खणभाग:
त्या घाटावर कट्टा अजून तसाच आहे. उद्या सहाला मी असतो. या.

भडंग:
मी भडंग आणतो. चष्मे आणा, खडा दिसला पाहिजे.